उमेदवाराचा खुलासा

४ ऑगस्ट

तीर्थरूप मामांस,

दंडवत. साष्टांग आहे, मोजून घ्या.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही नुसतं "हं" म्हणता आणि मग मामीला सांगता की पोरीने लेखी काही दिलेलं नाही. म्हणून हे लेखी.

आधी बसा. बसलात? मी एमबीएला अर्ज करतेय. पूर्णवेळ, पंधरा महिने, बिनपगारी रजा टाकून. हो, चौतिसाव्या वर्षी. हो, डोकं ठिकाणावर आहे.

अकरा वर्षं बँकेच्या ऑडिट खात्यात काढली मामा. शाखेत गेलं की लोक खुर्ची देतात, चहा देतात आणि आपण जायची वाट बघतात. आता मला टेबलाच्या पलीकडे जायचंय, छोट्या धंद्यांना कर्ज मंजूर करणाऱ्या खात्यात. तिकडे विचारून पाहिलं तर हसले. म्हणाले, "ऑडिटवाल्यांना फक्त नाही म्हणता येतं." त्याच खात्यातल्या एका बाईंनी हळूच सांगितलं की बाहेरून पदवी आण, मग दार उघडेल. तर ही सगळी खटपट त्या दारासाठी.

आता काम. सोबत एक फॉर्म आहे, शिफारशीचा. ज्याच्या हाताखाली काम केलं त्यानेच भरायचा. सध्याच्या साहेबांना विचारलं तर दुपारच्या आत अख्ख्या मजल्याला कळेल. तुमच्या हाताखाली मी पाच वर्षं होते. ऑफिसात साहेब, घरी मामा, ओरडा दोन्हीकडे सारखाच. तुमच्याइतकं मला कोण ओळखतं?

फॉर्म गुप्त असतो, मला दाखवायचा नाही. भरायचा, पाकिटात घालायचा, पाकिटाच्या तोंडावर सही करायची आणि थेट कॉलेजला पाठवायचा, ३० सप्टेंबरच्या आत. 'गुण' आणि 'उणिवा' अशा दोन चौकटी आहेत, तीन-तीन ओळींच्या. तीन म्हणजे तीनच हं मामा. गोड लिहा काहीतरी. एवढं एकदाच.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती म्हणणार, "मामाला विचार." म्हणून थेट वरच्या कोर्टात आले.

तुमची,
ठमी


जावक क्रमांक ४७
१२ ऑगस्ट

विषय: तुझं डोकं फिरल्याबाबत.
संदर्भ: तुझं ४ ऑगस्टचं पत्र (पानं दोन, पैकी दुसऱ्यावर चहाचा डाग).

चि. ठमीस,

आशीर्वाद. पोच द्यावी.

पत्र मिळालं. त्यात शुद्धलेखनाच्या चुका तीन आहेत. हिरव्या पेन्सिलीने खुणा करून पत्र सोबत परत पाठवत आहे. 'खुणा समजल्या' असं लिहून पुन्हा इकडे पाठव, फाइलला लागेल.

आता मुद्द्याचं. दिशा बदलायची म्हणजे काय? तू काय वारा आहेस? मी सदतीस वर्षं एका दिशेने चाललो आणि मुख्य ऑडिटरच्या खुर्चीपर्यंत पोचलो. निवृत्त होताना त्या खुर्चीत पुढे कोण बसणार ते मी मनात पक्कं केलं होतं. खुर्चीच्या डाव्या हाताचा स्क्रू ढिला आहे. तो मी मुद्दाम आवळून घेतला नाही, कारण हात ढिला असला की माणूस रेलत नाही, ताठ बसतो. हे मी तुला योग्य वेळी सांगणार होतो. आता काय सांगू? टेबलाच्या पलीकडे जाणार म्हणे. पलीकडे सगळे रेलूनच बसतात.

शिफारशीबद्दल. सदतीस वर्षांत मी कोणाची शिफारस केलेली नाही. माझ्या हातून कागदावर उतरलेलं सर्वांत गोड वाक्य 'आक्षेप आढळला नाही' हे आहे. तेही दोनदाच. त्यातल्या एका वेळी शाखाच बंद होती.

तरीही फॉर्म ठेवून घेतला आहे. काम हातात घेतलं की ते नियमाने होईल, याची खात्री बाळग.

तुझा मामा

ता. क. ठमे, मी मामी. हे पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी घुसवतेय. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं पत्र खिशात घालून हे चार दिवस फिरतायत. काल शेजारच्यांना ऐटीत सांगत होते, "आमची ठमी एमबीए करणार." मला बघितल्यावर घाईघाईने आत गेले.


२० ऑगस्ट

तीर्थरूप मामांस,

खुणा समजल्या. पोच दिली. चहाच्या डागाबद्दल माफी मागते, तो आईने सांडला. तिला सांगितलं मी. म्हणाली, "मामाला विचारलंस का?"

परवा प्रवेश परीक्षा झाली. ती गंमत ऐका. मी नेहमीसारखी पाऊण तास आधी पोचले, मोरपंखी साडी, हातात फाइल, चष्मा. दारात उभी होते तर एक मुलगी आली आणि म्हणाली, "मॅडम, बॅग कुठे ठेवायची?" मी सांगितलं, "भिंतीला लावून ठेव." तिच्या मागे दुसरी, मग चार मुलं. कोणी विचारेना की बाई तुम्ही कोण. बॅगा गोंधळायला नकोत म्हणून मी सगळ्यांना चिठ्ठ्यांवर नंबर घालून दिले. छप्पन्न बॅगा, मामा! रांगेत, नंबरवार! मग घंटा झाली आणि मी जाऊन तिसऱ्या बाकावर बसले. त्या पोरांची तोंडं बघायला हवी होती तुम्ही. शेजारचा मुलगा म्हणाला, "काकू, तुम्हीपण?" म्हटलं, "मीपण. पुढे बघ."

पेपर बरा गेला. एक प्रश्न मात्र मुळातच चुकीचा होता. मी कच्च्या कागदावर आक्षेप लिहून काढला आणि पर्यवेक्षकांची सही मागितली. त्यांनी दिली नाही. यात आठ मिनिटं गेली, शेवटचे चार प्रश्न राहिले. हसू नका. शिकवलंय कोणी?

निबंधही लिहून झाला, 'तुम्हाला दिशा का बदलायची आहे' यावर. मी लिहिलंय की आजच्या वेगवान जगात क्षितिजं रुंदावणं गरजेचं आहे, आणि सर्वांगीण नेतृत्वाचा विकास वगैरे. ऑफिसातल्या एकाने आधी असंच लिहिलं होतं, त्याचा नंबर लागला.

फॉर्म भरलात का? उरले एक्केचाळीस दिवस.

ठमी


जावक क्रमांक ४९
३ सप्टेंबर

विषय: उमेदवाराच्या शिफारशीचा कच्चा अहवाल.

चि. ठमीस,

फॉर्मवर 'गुप्त' असं छापलं आहे. ज्याच्यावर आक्षेप घेतला त्यालाच न दाखवलेला अहवाल मी आजवर पाठवलेला नाही. तुझ्यासाठी नियम मोडणार नाही. सबब कच्चा अहवाल सोबत आहे. प्रत्येक आक्षेपावर तुझा लेखी खुलासा पंधरा दिवसांत यावा. तीन ओळींच्या चौकटीत मावेना म्हणून पुरवणी जोडली आहे.

गुण: आक्षेप आढळला नाही.

उणिवा:

आक्षेप १. उमेदवार रागावली असता जेवण टाकते. इयत्ता तिसरीपासून आजपर्यंत यात सुधारणा नाही.

आक्षेप २. उमेदवार 'नाही' मोठ्याने म्हणते आणि 'हो' पुटपुटते. कर्ज मंजूर करणाऱ्या व्यक्तीला हे उलट जमायला हवं.

आक्षेप ३. उमेदवाराने सातव्या वर्षी माझी छत्री हरवली. विचारलं असता 'वाऱ्याने नेली' असं सांगितलं. त्या दिवशी वारा नव्हता.

आक्षेप ४. चूक सापडली की उमेदवाराचा चेहरा पडतो. ऑडिटरला आनंद व्हायला हवा. पहिली तीन वर्षं होत असे. त्यानंतर कधीतरी बंद झाला. केव्हा आणि का, ते नोंदीत नाही.

आक्षेप ५. दिशा का बदलायची, याचं कारण उमेदवाराने दिलेलं नाही. कारणाच्या जागी वाक्यं दिली आहेत. क्षितिजं रुंदावणं हे उमेदवाराचं बोलणं नव्हे. उमेदवार काहीतरी लपवत आहे. छत्रीच्या वेळीही असाच सूर होता.

तुझा मामा


९ सप्टेंबर

मामा,

अहो काय हे! गोड लिहा म्हटलं होतं मी! लोकांच्या शिफारशींत 'तेजस्वी' आणि 'दूरदर्शी' लिहिलेलं असतं, आणि माझ्यात छत्री? सत्तावीस वर्षं झाली त्या छत्रीला! फाइल उशाशी घेऊन झोपता का तुम्ही?

आईला दाखवलं तर ती हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. वर म्हणते, "एक नंबरचा आक्षेप खरा आहे." मी ताट सरकवून उठले. मग लक्षात आलं आणि परत येऊन बसले.

ठीक आहे. खुलासा पाहिजे ना? घ्या.

खुलासा १. उमेदवार परत येऊन जेवली. सुधारणा झालेली आहे.

खुलासा २. मान्य. 'हो' म्हणायची सवय नाही, कारण अकरा वर्षांत कोणी ते विचारलंच नाही.

खुलासा ३. छत्री मी वर्गातल्या एका मुलीला दिली. तिच्याकडे नव्हती. तुम्ही ओरडाल म्हणून वारा आणला.

खुलासा ४ आणि ५ एकच आहे. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

तुम्हाला ती गादीवाली आठवते? आठ वर्षांपूर्वीची फाइल. एक बाई गाद्या करायची, दोन खोल्यांची जागा, शिलाईचं मोठं मशीन घ्यायला कर्ज मंजूर झालेलं. पैशांचा पहिला हप्ता मिळाला होता, दुसरा बाकी. मी तपासणीला गेले. जागेच्या भाडेकराराचं नूतनीकरण फाइलमध्ये नव्हतं. एक कागद. मी आक्षेप लिहिला, शाखेने दुसरा हप्ता थांबवला. कागद यायला चार महिने लागले. तोवर मशीनवाल्याने मशीन दुसऱ्याला विकलं, एका मोठ्या हॉटेलची ऑर्डर गेली आणि बाईने जागा सोडली.

मामा, मी तिथे उभी राहून सगळं बघितलं होतं. ऑर्डरींची वही बघितली. शिवण बघितली. मला अगदी स्वच्छ दिसत होतं की ही बाई चालवणार. पण 'चालवणार' असा रकाना आपल्या फॉर्मात नाही. कागद नाही, याला रकाना आहे. मी तो भरला. माझा आक्षेप चुकीचा नव्हता, हेच तर दुखणं आहे. तो बरोबर होता. तुम्हीच त्यावर हिरव्या पेन्सिलीने 'बरोबर' लिहिलंत, आणि त्या दिवशी मी खूश होऊन घरी गेले. बाईचं पुढे काय झालं ते सहा महिन्यांनी कळलं. तेव्हापासून चूक सापडली की आधी ती बाई डोळ्यांसमोर येते.

मला एकदा तरी त्या खुर्चीत बसायचंय जिथे बसलेला माणूस म्हणू शकतो, की कागद नाही पण बाई आहे, कागदाचं बघू. बास. एवढंच कारण आहे. क्षितिजं गेली खड्ड्यात.

तुम्हाला दोष देत नाही, खरंच नाही. म्हणून तर सांगितलं नव्हतं. हे फक्त तुमच्यासाठी आहे. फॉर्ममध्ये तीन ओळी लिहा आणि पाठवून द्या, पाया पडते.

ठमी


जावक क्रमांक ५१
२२ सप्टेंबर

चि. ठमीस,

खुलासे मिळाले. अहवाल आज रवाना केला. पाकिटाच्या तोंडावर सही केली आहे. बाकी ठीक.

तुझा मामा

ता. क. ठमे, यांना झालंय तरी काय? तुझं पत्र आलं त्या दिवशी ताट तसंच ठेवून उठले. मग एके सकाळी डबा घेऊन बसने कुठेसे गेले, संध्याकाळी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विचारलं तर म्हणे, "स्थळपाहणी." निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, कसली डोंबलाची स्थळपाहणी! आणि येताना काखेत एक उशी. घरात सहा उशा आहेत. ही सातवी कपाटात ठेवलीय, वर चिठ्ठी डकवून, आणि मला हात लावू देत नाहीत. — मामी


३ नोव्हेंबर

मामा,

काल मुलाखत झाली.

समोर तिघं. एक सर्दी झालेले प्राध्यापक, एक तरुण गृहस्थ जे सारखं घड्याळ बघत होते, आणि मधे एक बाई, आयुष्य लहान धंद्यांना कर्जं देण्यात घालवलेल्या. इतर उमेदवारांच्या फाइली या एवढ्या, बोटभर. माझी फाइल बघितली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. एकोणीस पानं! प्रत्येकावर पान नंबर, प्रत्येकावर तुमची सही. आणि मधे माझं पत्र. माझ्या हातचं. तुम्ही त्यालाही नंबर घातला होता, 'सहपत्र ब'!

बाईंनी चष्मा चढवला आणि पहिला प्रश्न विचारला, "आज जेवून आलात का?"

मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "पुटपुटू नका." प्राध्यापक शिंकले का हसले ते कळलं नाही. मग छत्री झाली. घड्याळवाल्यांनी घड्याळ बघणं सोडून दिलं आणि विचारलं, "ती मुलगी छत्री परत आणून देणार होती का?" मी म्हटलं, "विचारलं नव्हतं."

मग गादीवाली. तिथे कोणी हसलं नाही. बाईंनी विचारलं, "ती फाइल आज तुमच्यासमोर आली तर आक्षेप काढाल का?" मला वाटलं, आता खरं काय ते बोलावं. म्हटलं, "काढीन. कागद नव्हता तो नव्हताच. पण खाली अजून चार ओळी लिहीन, मी काय बघितलं त्याच्या. आणि त्या ओळींखाली सही करीन." त्या बराच वेळ काही लिहीत होत्या. शेवटी एक विचित्र प्रश्न आला, "निघताना तुम्ही गादीवर हात फिरवला होता का?" मला आठवेना. हे त्यांना कुठून सुचलं कोण जाणे.

निकाल डिसेंबरअखेर. लागेल असं वाटत नाही, आणि खरं सांगू, आत्ता त्याचं काही वाटतही नाहीये. मी लिहिलं होतं, 'हे फक्त तुमच्यासाठी.' तीन अनोळखी माणसांनी माझ्यासमोर ते वाचलं मामा. आठ वर्षं जपून ठेवलेली गोष्ट तुम्ही पंच मारून फाइलला लावलीत. मी मामाला लिहिलं होतं, ऑडिटरला नाही.

काही दिवस पत्र पाठवू नका.

ठमी


१९ नोव्हेंबर

चि. ठमीस,

मामीचे आशीर्वाद, बिननंबरचे.

तू म्हणालीस पत्र नको, तर हे खरंच लिहीत नाहीयेत. म्हणजे रोज लिहितात आणि पाठवत नाहीत. टोपलीत सहा कच्चे खर्डे सापडले मला. सगळ्यांवर 'विषय' एवढंच लिहिलंय, पुढे कोरं. चाळीस वर्षं संसार केला, या माणसाला विषय सुचला नाही असं कधी झालं नव्हतं.

काल माझ्या किराण्याच्या यादीत मी 'साखर' दोनदा लिहिलं. यांनी वाचलं आणि खूण न करता परत दिलं. तेव्हा मात्र मी घाबरले. पोरी, तू भांड, ओरड, पण बोल. त्यांना लिहायला परवानगी तरी दे. परवानगीशिवाय हा माणूस हलणार नाही, तुला माहीत आहे.

तुझी मामी


२३ नोव्हेंबर

मामा,

परवानगी आहे.

ठमी


जावक क्रमांक नाही
१ डिसेंबर

ठमे,

या पत्राला नंबर घातलेला नाही. विषयही नाही.

चुकलो. खासगी पत्र होतं, मी ते न विचारता पाठवलं. सवयीने झालं असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. विचार करून पाठवलं. का, ते सांगतो. मग तुला वाटेल ते कर.

आक्षेप गेला की त्यासोबत समोरच्याचं म्हणणं गेलंच पाहिजे, हा नियम मी तुला पहिल्या दिवशी शिकवला. याच नियमावर मी आयुष्यभर छाती काढून चाललो. तुझा खुलासा वाचला आणि ती आठ वर्षांपूर्वीची फाइल डोळ्यांसमोर आली. आपण आक्षेप काढला. शाखेला विचारलं, शाखेने उत्तर दिलं. त्या बाईला कोणी विचारलं नाही. तिच्या म्हणण्याचा एकही कागद त्या फाइलमध्ये नव्हता, आणि मी खाली 'बरोबर' लिहिलं. तो आक्षेप तुझा होता, पण ती सही माझी होती. इतकी वर्षं तू ते एकटीने वागवलंस याचं मला फार वाईट वाटलं. दोन दिवस घास उतरला नाही. (आक्षेप १ आमच्या घराण्यातच आहे, असं दिसतं.)

म्हणून मी तिला शोधायला गेलो. पहिल्या दिवशी जुन्या जागेवर, दुसऱ्या दिवशी सापडली. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बाई, आठ वर्षं उशीर झालाय, पण तुमचा खुलासा घ्यायचा राहिलाय." ती आधी हसली. मग सांगत गेली, मी लिहीत गेलो. तो कागद मी अहवालाला जोडला. पान एकोणीस. तुझं पत्र नसतं तर त्या पानाला अर्थ राहिला नसता. त्याची नक्कल खाली देतो.

"माझा कागद उशिरा आला हे खरं. घरमालक परगावी राहायला गेला होता आणि बँकेची पत्रं त्याच्या जुन्या पत्त्यावर जात होती. मला कोणी विचारलं असतं तर नवा पत्ता दिला असता, दोन दिवसांचं काम होतं. तपासणीला आलेली मुलगी मला आठवते. तिने वही पाहिली, मशीनची जागा पाहिली. निघताना गादीवर हात फिरवला आणि म्हणाली, 'शिवण छान आहे.' मला वाटलं झालं आपलं काम. ते झालं नाही, तेव्हा तिचा राग आला होता. आता नाही. तिला विचारायची मुभा नसेल. मी आता घरीच उशा करते, तीन बायका हाताशी आहेत. मोठं मशीन अजून हवंच आहे. ती मुलगी कर्ज देणाऱ्या खात्यात जाणार असेल तर तिला जाऊ द्या."

यावर मी काही शेरा लिहिला नाही. फक्त खाली तिची सही घेतली.

उशी तिच्याकडचीच आहे. ती फुकट देत होती. मी पैसे देऊन पावती घेतली. चिठ्ठीवर तुझं नाव आहे. मामीला वाटतंय की मला वेड लागलं. तिला तूच सांग.

तुझा मामा


२७ डिसेंबर

तीर्थरूप मामांस,

दंडवत. यावेळी मोजू नका, खूप आहेत.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ऑफिसात वाचलं आणि जिन्यात जाऊन रडले. आमचे साहेब वर येत होते, घाबरून म्हणाले, "शाखेत अफरातफर झाली का?" मी म्हटलं, "नाही, मामांचं पत्र आहे." ते म्हणाले, "मग बरोबर आहे," आणि निघून गेले. त्यांनी पण तुमच्या हाताखाली काढलीत ना चार वर्षं.

राग गेला. कधी गेला ते नोंदीत नाही.

आणि आता बसा. मामीलाही बसवा. मी लागले! मामा, मला घेतलं! आईने आधी मला मिठी मारली आणि मग विचारलं, "मामाला कळवलंस का?" कॉलेजचं पत्र सोबत पाठवतेय. संमती '३० फेब्रुवारीपर्यंत' कळवा, असं त्यात छापलंय. हिरव्या पेन्सिलीने खूण करून परत पाठवणार होते, पण म्हटलं पहिलाच दिवस आहे, आधी 'हो' म्हणावं. फोन करून मोठ्याने म्हटलं. मग खूण केली.

पत्राच्या खाली मधल्या बाईंनी हाताने एक ओळ लिहिलीय, ती बघा: 'शिफारस करणाऱ्यांना कळवावे की त्यांच्या अहवालावर आमचा आक्षेप नाही.'

येत्या आठवड्यात येतेय, उशी न्यायला. आपण दोघं त्या गादीवाल्या बाईंकडे जाऊ. मी अजून कर्ज देणारी झालेले नाही, पंधरा महिने आहेत, पण त्यांच्याकडे बसून विचारणार आहे सगळं. मशीन कोणतं, जागा कोणाची, घरमालकाचा पत्ता काय. आधी हेच विचारायला हवं होतं. त्या दिवशी गादीवर हात फिरवला होता हे मला अजूनही आठवत नाही, पण त्यांना आठवतं म्हणजे फिरवला असेल.

एकच वाईट वाटतं. तुमच्या खुर्चीत बसणं होणार नाही. तुम्ही मनात धरून ठेवलं होतं हे मला तुमच्या पहिल्या पत्रातच कळलं, आणि तेव्हा मी मुद्दाम त्यावर काही लिहिलं नाही. भित्रेपणा केला. माफ करा.

तुमचीच,
ठमी


जावक क्रमांक १
५ जानेवारी

विषय: आनंद.
संदर्भ: तुझं २७ डिसेंबरचं पत्र.

चि. ठमीस,

आशीर्वाद.

खुर्चीचं मनाला लावून घेऊ नकोस. काल मी ऑफिसात जाऊन आलो आणि उभं राहून डाव्या हाताचा स्क्रू आवळून घेतला. आता तिथे कोणीही बसो, रेलून बसो. तू जिथे बसशील तिथे ताठ बसशील, याबद्दल माझी शिफारस आहे. हे लेखी देतोय.

मामी म्हणते की येताना कपडे जास्त आण, आठ दिवस सोडणार नाही. त्या बाईंना तू येतेयस असं कळवलं आहे. त्यांनी विचारलं, "मुलगी जेवून येणार की इथेच जेवणार?" मी सांगितलं, तुमच्याकडेच.

तुझं पत्र दोनदा तपासलं. शुद्धलेखनाच्या चुका चार आहेत. राहू दिल्या आहेत.

तुझा मामा